सेफ रूट्स टू स्कूल, न्यू जर्सी: शाळेच्या रस्त्यासाठीची फुकट सर्व्हिस, आमचा सविस्तर अनुभव

न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि मुलं एलिमेंटरी किंवा मिडल स्कूलला असलेल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या ओळखीतल्या बहुतेकांना ही सर्व्हिस आहे हेच माहीत नाही, आणि ज्यांनी नाव ऐकलंय त्यांना वाटतं ते लोक ऑक्टोबरात एकदा येऊन मुलांना स्टिकर वाटतात तेवढंच. स्टिकर वाटतात हे खरं आहे पण ते त्यांच्या कामातलं सगळ्यात छोटं काम. खरं काम म्हणजे शाळेपर्यंतचा रस्ता पोरांना पायी आणि सायकलने जाता येईल असा करून घेणं, आणि त्यासाठी लागणारं मोजमाप, कागदपत्रं, कुठल्या ऑफिसात काय मागायचं ही सगळी माहिती हे लोक एक पैसा न घेता देतात. आम्ही शाळेतल्या काही पालकांनी मिळून ती पूर्ण वापरली. काय मिळालं, काय अजून लटकलंय, सगळं सांगते.

आधी हे लोक कोण ते. २००५ च्या फेडरल वाहतूक कायद्यात सेफ रूट्स टू स्कूल नावाचा कार्यक्रम आला, त्यात पाच वर्षांसाठी ६१ कोटी २० लाख डॉलर ठेवले होते, पहिली ते आठवीच नाही तर केजीपासून आठवीपर्यंत, आणि त्यातले ७० ते ९० टक्के बांधकामावर आणि बाकीचे मुलांना शिकवण्यावर, मोजणीवर वगैरे खर्च करायचे असं बंधन होतं. मिनेसोटाचे खासदार जिम ओबरस्टार यांनी हे लावून धरलं होतं. पुढे २०१२ मध्ये हा वेगळा निधी दुसऱ्या मोठ्या योजनेत घातला आणि २०२१ च्या कायद्याने हायस्कूलही आत आलं, म्हणजे आता बारावीपर्यंतच्या शाळा बसतात. न्यू जर्सीत पैसा राज्याच्या वाहतूक खात्याकडून म्हणजे डीओटीकडून येतो, शाळांशी प्रत्यक्ष बोलायचं काम टीएमए करतात म्हणजे ट्रान्सपोर्टेशन मॅनेजमेंट असोसिएशन, ना-नफा संस्था आहेत, राज्यातल्या २१ काउंट्या त्यांनी आपसात वाटून घेतल्यात, आणि या सगळ्यांना माहिती आणि ट्रेनिंग पुरवायला रटगर्स विद्यापीठातलं व्हूरहीज ट्रान्सपोर्टेशन सेंटर आहे. त्याच्या वर परत प्रादेशिक नियोजन संस्था, एमपीओ म्हणतात, ५० हजारांवर वस्तीच्या शहरी भागाला ती कायद्यानेच लागते. आपल्या राज्यात तीन आहेत, उत्तरेच्या १३ काउंट्यांना एनजेटीपीए, मर्सर-बर्लिंग्टन-कॅमडेन-ग्लॉस्टर फिलाडेल्फियाच्या डीव्हीआरपीसीकडे आणि खाली दक्षिणेला एसजेटीपीओ. इतकी नावं वाचून कंटाळा येईल, पण कुणाला फोन करायचा हे कळायला ती लागतात. पालक म्हणून तुमचा संबंध येतो तो टीएमएच्या सेफ रूट्स कोऑर्डिनेटरशी.

आता गरज का पडली. इथे राज्याचा नियम असा की एलिमेंटरीचं मूल शाळेपासून २ मैलांच्या पुढे राहत असेल तरच स्कूल डिस्ट्रिक्टने बस द्यायची सक्ती आहे, हायस्कूलला अडीच मैल. २ मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर जवळपास. त्याच्या आतल्यांनी आपापलं बघायचं, काही टाउनशिप मेहेरबानीने बस देतात, काही पैसे घेऊन देतात, काही देत नाहीत. आमचं घर आतल्या अंतरात येतं. अंतर चालण्यासारखं आहे, खरं तर मस्त आहे, पण मधे चार लेनचा रस्ता, एका बाजूला फुटपाथ अचानक संपतो आणि सिग्नलवर उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग. म्हणून सगळेच पोरांना गाडीने सोडतात, आणि सगळेच गाडीने सोडतात म्हणून शाळेसमोर इतक्या गाड्या होतात की चालणाऱ्याला अजून भीती. या देशात १९६९ साली ५ ते १४ वयाची ४८ टक्के मुलं पायी किंवा सायकलने शाळेत जायची, २००९ पर्यंत ती १३ टक्क्यांवर आली. आमच्या शाळेची ड्रॉप-ऑफ लाइन बघितली की हे आकडे कुठून आले ते कळतं.

शाळेने आधी काहीच केलं नाही असं म्हणणार नाही, ईमेल यायचे की पालकांनी गाड्या हळू चालवा, डबल पार्क करू नका. ईमेलने रस्ता बदलत नाही. मग पीटीओच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगला एका आईने टीएमएचं नाव काढलं, आम्ही लिहिलं, आणि त्यांचं उत्तर लगेच आलं हे पहिलं कौतुक. दुसरं कौतुक म्हणजे त्यांनी पहिल्याच फोनवर विचारलं की तुमच्या शाळेचा ट्रॅव्हल प्लॅन (मुलं शाळेत कशी येतात आणि रस्त्यात काय सुधारायचं याचा लेखी आराखडा) आहे का, प्रिन्सिपलची सही मिळेल का, टाउनमधून कोण येईल, पोलिसांच्या ट्रॅफिक विभागातून कोण येईल. म्हणजे हे लोक पालकांची तक्रार ऐकून मान डोलावून जाणारे नाहीत, पहिल्यापासून सगळ्यांना एका टेबलावर आणायच्या मागे असतात.

वॉक ऑडिट, म्हणजे शाळेभोवतीचे रस्ते पायी फिरून तपासणं, हा या सर्व्हिसमधला सगळ्यात भारी भाग, आणि पाचपैकी पाच स्टार मी त्यालाच देते. सकाळी शाळा भरायच्या वेळेला आणि दुपारी सुटायच्या वेळेला ते येऊन उभे राहिले. हातात क्लिपबोर्ड, एक मोजायचं चाक असतं ना काठी लावलेलं, ते, आणि अंगात पोपटी जॅकेट. आधी नुसतं बघितलं, कोण कुठून येतंय, गाड्या कुठे थांबतायत, मुलांना रस्ता ओलांडून देणारी क्रॉसिंग गार्ड कुठे उभी राहते आणि मुलं प्रत्यक्षात कुठून रस्ता ओलांडतात. यात फरक असतो बरं का, मुलं सरळ रेषेत जातात, क्रॉसवॉक वीस पावलं लांब असला तरी जात नाहीत. मग त्या कोऑर्डिनेटर बाई क्रॉसवॉकच्या टोकाला गुडघे टेकून बसल्या आणि मोबाइल साधारण पहिली-दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढले. ते फोटो नंतर रिपोर्टमध्ये आले तेव्हा मीटिंगमध्ये सगळे गप्पच झाले. आपण उभे राहून बघतो तेव्हा समोरून येणारी गाडी व्यवस्थित दिसते, आणि मुलाच्या उंचीवरून दिसतं ते फक्त कडेला लावलेल्या एसयूव्हीचं बॉनेट. रस्ता दिसतच नाही. म्हणजे मुलाला रस्ता बघायला आधी रस्त्यात एक पाऊल टाकावं लागतं, आणि येणाऱ्या ड्रायव्हरलाही मूल त्या पावलाआधी दिसत नाही.

यावरचा उपाय कायद्यात आधीच आहे. न्यू जर्सीत क्रॉसवॉकपासून २५ फुटांच्या आत गाडी उभी करायला बंदी आहे, स्टॉप साइनपासून ५० फूट. २५ फूट म्हणजे साडेसात मीटर, दीड गाडीची जागा. त्यांनी चाकाने मोजून दाखवलं की आमच्या कोपऱ्यावर रोज उभ्या राहणाऱ्या गाड्या या मापाच्या आत आहेत, तिथे कर्बला पिवळा पट्टा नाही, पाटी नाही, त्यामुळे लोकांना वाटतं चालतं. नुसतं रंगवून आणि बारीक प्लास्टिकचे खांब उभे करून हे भागतं, त्याला मोठी ग्रँट लागत नाही. होबोकेनने हेच मनावर घेतलं, एकेक करत चौकांचे कोपरे मोकळे केले, कुठे खांब, कुठे सायकल रॅक, कुठे फुटपाथ पुढे काढून रस्ता अरुंद केला, आणि २०१७ पासून पुढची सलग सात वर्षं त्या गावात रस्त्यावर एकही माणूस दगावला नाही. न्यूयॉर्कच्या समोरचं गाव आहे, माणसांनी आणि गाड्यांनी गच्च भरलेलं. तिथे जमतं तर आपल्या सबर्बमध्ये का जमू नये हा प्रश्न आम्ही काउंसिलच्या मीटिंगला विचारला आणि तो कोपरा रंगवून मिळाला. खांब पण लागले. हा या सगळ्या प्रकारातला आमचा पहिला हाती आलेला फायदा, आणि आता सकाळी तिथे उभं राहिलं की लांबपर्यंत स्वच्छ दिसतं.

दुसरी गोष्ट जी हे लोक सांगतात आणि टाउनमध्ये कुणी सांगत नाही, ती म्हणजे रस्ता कुणाचा. आपल्याला वाटतं गावातला रस्ता म्हणजे गावाचा. तसं नसतं. शाळेच्या पुढचा मोठा रस्ता काउंटीचा असतो, हायवेचा नंबर असलेला राज्याचा, आतल्या गल्ल्या तेवढ्या टाउनशिपच्या. काउंटीच्या रस्त्यावर टाउन साधा पांढरा पट्टा मारू शकत नाही. आम्ही आधी चुकीच्या ऑफिसात नाही पण एकाच ऑफिसात सगळं मागत होतो म्हणून उत्तरं फिरून फिरून तिथेच येत होती. ऑडिटच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक त्रुटीपुढे लिहिलेलं असतं की हे काम टाउनचं, हे काउंटीचं, हे शाळेच्या आवारातलं म्हणजे बोर्डाचं, हे पोलिसांचं, आणि हे लगेच होण्यासारखं, हे वर्षभरात, हे लांबचं. प्रादेशिक पातळीवर बसलेल्या माणसाचा उपयोग इथे कळतो, त्यांची काउंटी इंजिनियरच्या ऑफिसात ओळख असते, शेजारच्या गावाने तेच काम कसं करून घेतलं ते त्यांनी बघितलेलं असतं. गावातला क्लार्क कितीही चांगला असला तरी त्याला गावाच्या हद्दीपलीकडे बघायचं कारण नसतं.

सिग्नलचं पण असंच. पायी ओलांडायला किती सेकंद द्यायचे याचं गणित ठरलेलं असतं, सिग्नल-पाट्यांच्या नियमांचं फेडरल मॅन्युअल सेकंदाला साडेतीन फूट चाल धरतं, आधी चार फूट धरायचे. ४० फुटी रस्त्याला साडेअकरा सेकंद. हळू चालणारी माणसं असतील तर त्याहून कमी वेग धरायची मुभा आहे पण ती कुणी मागितल्याशिवाय कोण देतो. आमच्याकडे सकाळी चालणाऱ्यांत आजी-आजोबा भरपूर, ही गोष्ट मराठीच नाही गुजराती, तेलुगू, तमिळ सगळ्या घरांची आहे, भारतातून सहा महिने आलेले आई-वडील नातवंडांना सोडायला जातात कारण ते गाडी चालवत नाहीत. माझी आई सांगलीहून येते तेव्हा तीच जाते. आता यातली मेख बघा. आयुष्यभर डाव्या बाजूच्या ट्रॅफिकची सवय, रस्त्यात पाय टाकताना नजर आधी उजवीकडे जाते, आणि इथे पहिली गाडी डावीकडून येते. त्यात लाल सिग्नलला उजवीकडे वळायची इथे परवानगी, वळणारा ड्रायव्हर डावीकडून गाडी येतेय का ते बघत गाडी पुढे काढतो आणि त्याच्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या माणसाकडे त्याचं लक्षच नसतं. मी हे ऑडिटच्या दिवशी सांगितलं आणि त्या बाईंनी ते लिहून घेतलं, रिपोर्टमध्ये आलं, आणि त्या चौकात शाळेच्या वेळेत लाल सिग्नलला वळायला बंदीची पाटी आणि चालणाऱ्यांना गाड्यांच्या आधी काही सेकंद हिरवा द्यायची शिफारस काउंटीकडे गेली. पाटी लागली. सेकंदांचं काम अजून व्हायचंय, पाठपुरावा चालू आहे. तुमच्या घरी आई-बाबा येणार असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर रोज चाला आणि प्रत्येक कोपऱ्यावर आधी डावीकडे बघायला लावा, हे रिव्ह्यूमध्ये बसत नसलं तरी लिहितेच.

वेगाबद्दल एक आकडा त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये होता तो माझ्या डोक्यातून जात नाही. पायी माणसाला गाडीने २३ मैलाच्या वेगाने उडवलं तर जीव जायची शक्यता सरासरी १० टक्के, ३२ मैलाला २५ टक्के आणि ४२ मैलाला ५० टक्के. ट्रिपल ए म्हणजे इथल्या गाडीवाल्यांच्या संघटनेच्या फाउंडेशनचा २०११ चा अभ्यास आहे. शाळेच्या झोनमध्ये २५ ची मर्यादा का असते आणि लोक तिथे ३५ ने जातात तेव्हा नेमकं काय करत असतात ते या तीन आकड्यांत आलं. ज्या पालकांना वाटतं दहा मैलाने काय फरक पडतो त्यांना हे दाखवा.

मुलांची मोजणी करतात ती साधी आहे. वर्गात बाई विचारतात आज कसा आलास, परत कसा जाणार, हात वर करा, चालत, सायकल, स्कूलबस, घरची गाडी, दुसऱ्याच्या गाडीत. मंगळवार ते गुरुवार करतात म्हणजे सोमवार-शुक्रवारचा गोंधळ नको. पालकांसाठी वेगळा फॉर्म असतो. आमच्याकडे फॉर्म फक्त इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आला, आणि इथे माझी पहिली खरी तक्रार आहे. ज्या शाळेत सकाळी चालत सोडायला येणारे निम्मे लोक मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारे आजी-आजोबा आहेत तिथे त्यांना काय दिसतं, कशाची भीती वाटते हे त्या फॉर्ममध्ये येणारच नाही. आम्ही काही जणींनी शाळेच्या गेटवर उभं राहून तोंडी विचारून भरून घेतले. कोऑर्डिनेटरने ते मान्य केले, मोजले, धन्यवाद पण दिले, पण हे काम पालकांच्या उत्साहावर सोडायला नको होतं.

वॉकिंग स्कूल बस म्हणजे ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळी, एक-दोन मोठी माणसं पुढे-मागे आणि मुलं वाटेत घराघरातून सामील होत जाणार. टीएमएने नकाशा काढून दिला, थांबे ठरवून दिले, जॅकेट, मुलांच्या दप्तराला लावायचे चमकणारे टॅग दिले, आणि जबाबदारी घेणाऱ्या पालकांचं छोटं ट्रेनिंग. चालवायची मात्र आपली आपण. आठवड्यातून एक दिवस बुधवार धरला, रोजचं धरलं असतं तर महिनाभरात बंद पडलं असतं. हे छान चाललंय, कारण यात आजी-आजोबांनी जीव ओतलाय. माझ्या आईच्या मागे चार भाषा बोलणारी पोरं हातात हात घालून जातात, ती त्यांना मराठीतच "कडेने चला रे, कडेने" म्हणते आणि सगळ्यांना ते कळतं. माझा धाकटा, जो गाडीत बसायलाही दहा वेळा हाका मारायला लावायचा, तो बुधवारी बूट घालून दारात उभा असतो कारण मित्र खाली येणार असतात. पोरांना एकटं चालवायला भीती वाटते हे सगळ्यांचं आहे, मलाही वाटते, त्यावर याच्याइतकं सोपं औषध मी दुसरं बघितलं नाही.

सायकलसाठी बाइक रोडिओ करतात. शाळेच्या पार्किंगमध्ये खडूने रस्ते आखतात, स्टॉप साइन ठेवतात, मुलांना मागे वळून बघायला, हात दाखवून वळायला, ड्राइव्हवेमधून मागे येणाऱ्या गाडीकडे लक्ष द्यायला शिकवतात. त्याआधी सायकलची हवा, ब्रेक, चेन तपासून देतात. हेल्मेटबद्दल विशेष सांगते, न्यू जर्सीत १७ वर्षांखालच्यांना हेल्मेट कायद्याने लागतं, आणि त्या दिवशी कळलं की बहुतेक पोरं ते मागे सरकवून कपाळ उघडं टाकून घालतात. भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच जागा. माझ्या मोठीचं हेल्मेट असं बसवून दिल्यावर ती म्हणाली आता हे हलतच नाही, तर तसंच पाहिजे. आपण गावाकडे सायकलवर शाळेत गेलो, डबलसीट, हेल्मेट कुणी बघितलं होतं, पण तेव्हा आपल्या बाजूने ४५ मैलाच्या वेगाने ट्रक जात नव्हते. २०२२ च्या मार्चपासून इथे कायदा आलाय की गाडीवाल्याने सायकलवाल्याला आणि पायी माणसाला किमान चार फूट अंतर ठेवूनच ओलांडायचं, नाही जमत तर २५ मैलावर वेग आणायचा. किती ड्रायव्हरना माहीत आहे देव जाणे.

आमच्या शाळेत सायकल स्टँड होता तो मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यांजवळ, आणि लहान वर्गांना सायकल आणायला मनाई. स्टँड पुढे आणायला एक जण पुरला, मनाई काढायला बरीच पत्रं. आता चौथीपासून परवानगी आहे, पालकांच्या सहीने.

ग्रँटच्या बाजूला मात्र मी तीनच स्टार देईन, आणि ते सुद्धा पैसे पूर्ण मिळतात म्हणून. डीओटी ठरावीक वर्षांनी अर्ज मागवते, अर्ज टाउन, काउंटी किंवा स्कूल डिस्ट्रिक्टने करायचा, पालकांना करता येत नाही, काम शाळेपासून २ मैलांच्या आत हवं, काउंसिलचा ठराव जोडावा लागतो, ट्रॅव्हल प्लॅन असेल तर वजन वाढतं. आमच्या चार लेनच्या रस्त्याला बटण दाबलं की पिवळे दिवे भराभर लुकलुकतात तो क्रॉसिंग आणि तुटलेला फुटपाथ जोडायचा असा अर्ज गेलाय. मंजूर झाला तरी लगेच फावडं पडत नाही. फेडरल पैसा असल्यामुळे डिझाइन, पर्यावरणाची तपासणी, कुणाच्या अंगणाची पट्टी लागत असेल तर तिची परवानगी, मग बांधकामाची मंजुरी, आणि टाउनने आधी स्वतःच्या खिशातून खर्च करायचा आणि नंतर परत मिळवायचा. छोट्या टाउनला हे जड जातं, इंजिनियर बाहेरून आणावा लागतो. आज केजीत असलेल्या मुलासाठी मागितलेला फुटपाथ ते मिडल स्कूलला गेल्यावर होऊ शकतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण दोनशे फूट काँक्रीटचं काम आहे आणि तोपर्यंत शेकडो मुलं त्या चिखलातून चालणार. कोऑर्डिनेटरचा यात दोष नाही, त्यांनी पहिल्याच मीटिंगला स्पष्ट सांगितलं होतं की रंग, पाट्या, खांब, गार्डची जागा हे आधी करून घ्या आणि काँक्रीटची वाट समांतर बघा. हा सल्ला सोन्यासारखा ठरला.

बर्फाचं एक राहिलं. इथे घरासमोरचा फुटपाथ साफ करायची जबाबदारी घरमालकाची, टाउनच्या नियमाप्रमाणे, आणि लोक करतात. पण बर्फ हटवणारी गाडी, प्लाऊ, रस्त्याचा बर्फ ढकलतो तो नेमका कोपऱ्यावरच्या उतारावर ढीग घालतो. फुटपाथ स्वच्छ, रस्ता स्वच्छ आणि मधे कंबरभर ढीग, त्यामुळे पोरं ड्राइव्हवेतून उतरून रस्त्याने चालतात. ऑडिट आमच्याकडे पानगळीच्या दिवसांत झालं, म्हणून रिपोर्टमध्ये यावर एक ओळ नाही. तुम्ही बोलावणार असाल तर जानेवारीतली एक फेरी मागून घ्या, निदान स्वतः फोटो काढून ठेवा.

याने खरंच काही होतं का असं माझा नवरा विचारायचा, तो आकडेवाला माणूस आहे, तर त्याच्यासाठी शोधलं. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत २००० साली हा प्रयोग पहिल्यांदा फेडरल मदतीने झाला, दोन वर्षांत त्या शाळांमध्ये चालणारी मुलं ६४ टक्क्यांनी वाढली आणि सायकलवाली ११४ टक्क्यांनी. न्यूयॉर्क शहरात जिथे जिथे शाळेभोवतीचे रस्ते या कार्यक्रमात सुधारले तिथे शाळेच्या वेळेत मुलं गाडीखाली जखमी व्हायचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि जिथे काम झालं नाही तिथे ते जवळपास तसंच राहिलं, हा २०१३ चा अभ्यास. यानंतर तो स्वतः बुधवारी मागच्या टोकाला जॅकेट घालून चालायला लागला.

आता बोलवायचं कसं. आपल्या काउंटीचं नाव आणि सेफ रूट्स असं शोधलं की टीएमए सापडते, पालक म्हणून थेट लिहिलं तरी चालतं, पण पीटीओच्या नावाने लिहिलं तर शाळा पटकन हलते. प्रिन्सिपलला आधी विश्वासात घ्या, ऑडिट म्हटलं की त्यांना वाटतं आपल्या चुका काढायला कोणीतरी येतंय. शाळेचा जुना ट्रॅव्हल प्लॅन आहे का विचारा, कित्येक शाळांचा दहा वर्षांपूर्वीचा फाइलीत पडलेला असतो आणि तो नवा करायला नव्याने करण्यापेक्षा कमी वेळ लागतो. ऑडिटच्या दिवशी क्रॉसिंग गार्डला नक्की बोलवा, आमच्याकडे सगळ्यात कामाची माहिती तिनेच दिली, कुठली गाडी रोज न थांबता जाते इथपर्यंत. इथे क्रॉसवॉकमध्ये माणूस असताना गाडी पूर्ण थांबवायची असा २०१० पासून कायदा आहे, दंड २०० डॉलर आणि लायसन्सवर २ पॉइंट, आणि पोलिसांना ती माहिती दिल्यावर त्यांनी तिथे सकाळी माणूस उभा केला. वसंतात बोलावलं तर पुढच्या शाळेच्या वर्षाआधी रंगकाम होऊ शकतं, सप्टेंबरात बोलावलं तर त्यांचं कॅलेंडर ऑक्टोबरच्या वॉक टू स्कूल डेने भरलेलं असतं. आणि रिपोर्ट हातात आला की तो काउंसिलच्या मीटिंगमध्ये पब्लिक कमेंटच्या वेळात मोठ्याने वाचा, सगळा नाही, तुमच्या रस्त्याचं पान. आमच्या पुढच्या मीटिंगला सिग्नलच्या सेकंदांचा विषय आहे, काउंटीचा माणूस येणार आहे, आणि आई तोपर्यंत इथेच आहे म्हणून ती पण येऊन बोलणार आहे, मी शेजारी बसून इंग्रजीत सांगेन.